टप कापण्याआधी

पत्राचा सारांश: एका वाचकांनी ठेंगण्या टपाची, आखूड बांध्याची एक जुनी व्हॅन घेतली असून तिचे कॅम्पर व्हॅनमध्ये रूपांतर करण्याचे काम त्यांनी सुरू केले आहे. घरात चौघे जण आहेत: ते स्वतः, पत्नी, 14 वर्षांची मुलगी आणि 8 वर्षांचा मुलगा. त्यांची उंची सहा फूट असल्यामुळे आत ताठ उभे राहता यावे म्हणून पॉप-टॉप, म्हणजे वर उचलले की खाली कापडाच्या भिंती उभ्या राहणारे उघडमिटीचे छप्पर, बसवायचे त्यांनी ठरवले आहे. मुलांनी वर झोपावे आणि आपण दोघांनी खाली, असा बेत आहे. वर्षातून तीस-चाळीस रात्री बाहेर काढायच्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा थंड, पावसाळी हवेत असतील. पुढून उघडणारे, मागून उघडणारे की चारही बाजूंनी सारखे वर जाणारे छप्पर घ्यावे, हे त्यांना ठरवता येत नाही. बसवून देणारे कारागीर म्हणतात की सगळे पुढून उघडणारेच घेतात. आतले लाकूडकाम आधी उरकून छप्पर शेवटी बसवायचे आणि त्यावर दोन सोलर पॅनेल व सामानाची पेटी लावायची, असेही त्यांनी योजले आहे. पत्नीचा एक खांदा अधूनमधून दुखतो, शिवाय "चांगल्या गाडीला भोक कशाला पाडायचे?" असे त्यांचे म्हणणे आहे. पत्राचा शेवट "तिला कसे पटवावे?" या प्रश्नाने झाला आहे.

स्नेही वाचक,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटला. पत्नीला कसे पटवावे, हा विचार कृपया काही दिवस बाजूला ठेवा. तुमच्या पत्रात छपरांविषयी जेवढे काही लिहिले आहे, त्यातले सर्वांत नेमके वाक्य त्यांचे आहे. चांगल्या गाडीला भोक पाडणे म्हणजे नक्की काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढून की मागून या प्रश्नाला अर्थ येत नाही.

व्हॅनचा टप हे डब्यावर ठेवलेले झाकण नसते. चपलांचे पुठ्ठ्याचे खोके हातात घ्या आणि झाकण लावलेले असताना ते पिळून पाहा. नंतर झाकण काढून पुन्हा पिळा. दुसऱ्या वेळी खोके सहज वेडेवाकडे होते. आजच्या बहुतेक व्हॅनचा सांगाडा याच तत्त्वावर उभा असतो: टपाचा पत्रा, त्याच्या खालून गेलेल्या आडव्या पट्ट्या आणि खिडक्यांच्या वरून जाणारे दोन लांब बाजूचे कणे मिळून गाडीला पीळ पडू देत नाहीत. पॉप-टॉपसाठी यातला मोठा चौकोन कापून काढला जातो आणि त्याबरोबर एक-दोन आडव्या पट्ट्याही जातात. ही गेलेली ताकद परत आणण्यासाठी कापलेल्या कडेला पोलादी चौकट बसवतात आणि ती पॉलियुरेथेन चिकटद्रव्य व बोल्ट किंवा रिव्हेट यांनी पक्की करतात. चांगल्या आणि वाईट छपरातला खरा फरक या चौकटीत असतो, आणि काम पूर्ण झाल्यावर ती अस्तराआड जाऊन दिसेनाशी होते. म्हणून कारागिराला पहिला प्रश्न याच चौकटीविषयी विचारा. ती तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेली आहे का, त्या मॉडेलवर बसवून तिची अपघात-चाचणी किंवा सीटबेल्टच्या ताणाची चाचणी झाली आहे का आणि त्याचा लेखी दाखला मिळेल का? "आम्ही कितीतरी बसवली आहेत, कधी तक्रार आली नाही," हे या प्रश्नाचे उत्तर होत नाही.

तुमच्या गाडीच्या बाजूच्या कण्यांत पडद्यासारखे उघडणारे एअरबॅग असतील किंवा टपातून वातानुकूलनाची नळी मागे गेली असेल, तर तिथे ड्रिल कुठवर चालवायचे हे गाडीच्या उत्पादकाच्या सूचनांवरून ठरवावे लागते, अंदाजाने नव्हे. कापण्याची पद्धतही विचारा. ग्राइंडरच्या तापलेल्या ठिणग्या रंगावर आणि काचेवर रुततात, आणि पुढे त्या प्रत्येक ठिपक्याभोवती गंज धरतो. म्हणून जाणते कारागीर जिगसॉ, म्हणजे विजेवर चालणारी छोटी करवत, किंवा पत्रा कुरतडणारे निबलर वापरतात, आजूबाजूचा भाग झाकून घेतात आणि कापलेल्या उघड्या कडेला त्याच दिवशी प्रायमर लावतात. यातले तुम्हाला काय कळले, ते पत्नीलाही सांगा. मग त्यांचा विरोध मावळेल, किंवा अधिक नेमका होईल. दोन्हींत तुमचा फायदाच आहे.

आता ताठ उभे राहण्याविषयी. सहा फुटी माणसाला ठेंगण्या व्हॅनमध्ये दिवसभर कमरेत वाकून वावरावे लागते, हे मी जाणते आणि त्या दुखण्याला कमी लेखत नाही. तरीही तुमचीच एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. स्वयंपाक करताना तुम्ही उभे असाल, कपडे बदलताना उभे असाल. बाकीचा वेळ बसलेले, झोपलेले किंवा गाडीबाहेर असाल. शिवाय बिजागरीवर उघडणाऱ्या छपराखाली उभे राहण्याची जागा गाडीभर नसते. वरच्या बिछान्याची फळी छपराला टेकवून ठेवली की एखाद्या-दोन पावलांच्या पट्ट्यात माणूस ताठ उभा राहतो, आणि बिछाना खाली घेऊन मुले झोपली की ती जागाही बहुतांशी जाते. म्हणजे रात्री नऊनंतर तुम्ही पुन्हा वाकूनच वावरणार. पॉप-टॉपचे मुख्य दान उंची नव्हे, वरचा बिछाना हे आहे. उंची हा त्याचा दिवसापुरता फायदा. आपण छप्पर बिछान्यासाठी घेत आहोत असे धरून चाललात, तर बाकीचे निर्णय बरेच सोपे होतील.

तीन प्रकारांबद्दल तुम्ही विचारले आहे. खरे तर चार आहेत. पुढून उघडणाऱ्या छपराची बिजागरी मागे असते आणि चालकाच्या डोक्यावरची बाजू वर जाते. मागून उघडणाऱ्याचे याच्या नेमके उलट. तिसरा प्रकार कात्रीसारख्या हातांवर चारही बाजूंनी सारखा वर जातो. चौथा एका कडेला बिजागरी असलेला, पुस्तकाचे पान उलटावे तसा एका बाजूला उघडणारा. इंग्लंडमधल्या फोकस्टनच्या डॉर्मोबाइल गाड्यांनी 1950 आणि 60च्या दशकांत हे पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे छप्पर घरोघरी ओळखीचे केले. त्यात छपराच्या लांबीभर एका कडेने उभे राहता येते, पण प्रशस्त दुहेरी बिछाना बसत नाही, म्हणून तुमच्यासाठी तो बाजूला ठेवू.

पुढून उघडणारे छप्पर इतके का चालते, याचे कारण साधे आहे. फिरणाऱ्या पुढच्या सीट, चालकामागे एका कडेला ओटा आणि मागे आडवी होणारी सीट, अशी मांडणी बहुतेक छोट्या कॅम्परमध्ये असते. त्या मांडणीत माणूस जिथे उभा राहतो तिथेच छप्पर सर्वांत उंच हवे असते, आणि झोपणाऱ्यांची डोकीही पुढच्या उंच टोकाकडे येतात. फोक्सवॅगनने 2003 पासून स्वतःच्या कारखान्यात बांधायला घेतलेल्या कॅलिफोर्नियात हीच रचना आहे आणि तिच्या काही मॉडेलांत तर छप्पर बटण दाबून वर जाते. तेव्हा तुमचे कारागीर खोटे बोलत नाहीत. फक्त "सगळे घेतात" याचा खरा अर्थ "सगळ्यांची मांडणी तशी असते" असा आहे. तुमचा ओटा मागच्या दाराशी येणार असेल, म्हणजे मागचे दार उघडून तिथेच स्वयंपाक करायचा असेल, तर मागून उघडणारे छप्पर अधिक उपयोगी ठरेल. मात्र वर उघडणारे मागचे दार उचललेल्या छपराला किंवा त्याच्या कापडाला अडते का, हे आधी तपासावे लागेल. मांडणी तुम्ही पत्रात सांगितलेलीच नाही, यावरून ती अजून पक्की नसावी असा माझा तर्क आहे. मग ती आधी पक्की करा.

चारही बाजूंनी सारखे वर जाणारे छप्पर पाहताना फार लोभस वाटते, कारण त्यात पायांच्या टोकालाही डोक्याइतकीच जागा मिळते. पण झोपलेल्या माणसाच्या पायांना तेवढ्या उंचीची गरज नसते. त्या न लागणाऱ्या उंचीसाठी तुम्ही जास्त कापड, जास्त सांधे आणि वाऱ्याला चारही बाजूंनी उभी राहणारी भिंत स्वीकारता. दिवसा वर बसून वाचणारे, काम करणारे कोणी असेल किंवा दोघे जण उलटसुलट डोकी करून झोपणार असतील, तर गोष्ट वेगळी. तुमच्या पत्रात तसे काही दिसत नाही.

मुलांविषयी मात्र मला थांबून विचारावेसे वाटते. वरचा बिछाना साधारण 110 ते 120 सेंमी रुंद आणि 190 ते 200 सेंमी लांब असतो. चौदा वर्षांच्या मुलीने आठ वर्षांच्या भावाशेजारी एवढ्या जागेत, कापडाच्या भिंतीआड, चाळीस रात्री झोपावे, हे तुम्ही तिला विचारले आहे का? आणखी तीन-चार वर्षांनी ती तुमच्याबरोबर किती रात्री येईल, याचाही अंदाज घ्या, कारण छप्पर त्यानंतरही बरीच वर्षे तसेच राहणार आहे. "मुले वर, मोठे खाली" ही वाटणी दरवेळी योग्य असतेच असे नाही. मोठ्यांनी वर जावे म्हटले तर बिछान्याची फळी किती किलोंसाठी बनवली आहे ते पाहावे लागते आणि रात्री दोनदा उठून पुढच्या सीटवर पाय ठेवत खाली उतरता येते का, हेही. दुखऱ्या खांद्याने ती उतरंड अवघड जाईल. घरीच एक सोपा प्रयोग करता येईल. जमिनीवर चिकटपट्टीने बिछान्याचे माप आखा, एका टोकाला मीटरभर आणि दुसऱ्या टोकाला वीतभर उंच राहील अशी एक चादर तिरपी ताणून बांधा आणि मुलांना एक रात्र त्याखाली झोपू द्या. लहान मूल वर झोपणार असेल तर उघड्या कडेला जाळी किंवा पट्टा हवाच. ही गोष्ट हौसेची नव्हे.

इथवर जे लिहिले ते छप्पर उघडल्यानंतरचे. माझा खरा आग्रह वेगळा आहे: छप्पर मिटताना पाहून निवडा. प्रदर्शनात, छायाचित्रांत, शेजाऱ्यांच्या गाडीत आपण ते नेहमी उघडलेलेच पाहतो. पण त्याच्याबरोबर राहायचे असते ते प्रत्येक सकाळी, ते खाली घेताना.

ओळखीच्यांची एक व्हॅन घेऊन मी काही दिवस फिरत होते. दुसऱ्या रात्री पहाटेपर्यंत पावसाची झड होती. सकाळी सहा वाजता कापडाला बाहेरून पाणी आणि आतून श्वासाची ओल, अशी दुहेरी ओल होती, आणि निघायची घाई. मी पट्टा धरून छप्पर खाली ओढले, तर कापड आत मुडपण्याऐवजी फुग्यासारखे बाहेर फुगले, कारण गाडीची सगळी दारे बंद होती आणि आतल्या हवेला जायला वाट नव्हती. सरकते दार हातभर उघडले तेव्हा कुठे ते आत बसले. तरी डाव्या कोपऱ्यात बोटभर रुंदीची घडी रबराच्या गॅस्केटखाली, म्हणजे कडेने पाणी अडवणाऱ्या पट्टीखाली, राहिली, ती मला दिसली नाही, आणि तासभर गाडी चालवल्यावर त्या घडीतून पाणी झिरपून गादीचा कोपरा भिजला. छप्पर पुन्हा उघडले ते तिसऱ्या दिवशी. कुबट वास आला आणि घडीच्या रेषांवर मिरीएवढे काळे ठिपके उठलेले दिसले. बुरशीचे ते डाग नंतर फिके झाले, पण गेले नाहीत. चूक छपराची नव्हती. ओले कापड मिटून ठेवू नये, आणि ठेवावेच लागले तर त्याच संध्याकाळी उघडून वाळवावे, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

थंड, पावसाळी हवेत चाळीस रात्री काढणाऱ्या कुटुंबाला हे सकाळचे काम निम्म्याहून अधिक वेळा करावे लागेल. म्हणून कापडाची निवड मी छपराच्या प्रकाराइतकीच महत्त्वाची मानते. सुती मिश्रणाचे कापड श्वास घेते, ओले झाल्यावर त्याचे धागे फुगून वीण घट्ट होते आणि आतल्या बाजूला दव कमी धरते. पण ते जड असते आणि वाळायला वेळ लावते. अॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टरचे कापड लवकर वाळते. प्लास्टिकचा थर दिलेले कापड पाणी पूर्ण अडवते, मात्र आतली वाफही अडवते, आणि झोपलेली दोन माणसे श्वासातून व त्वचेतून रात्रभरात सुमारे अर्धा लीटर पाणी हवेत सोडतात. ते कुठेतरी बसणारच. तुमच्या वापरासाठी मी लवकर वाळणारे, श्वास घेणारे कापड निवडेन, त्याला किमान दोन समोरासमोरच्या चेनच्या खिडक्या मच्छरदाणीसह घेईन आणि थंडीतही त्या चार बोटे उघड्या ठेवीन. कापड चेनने किंवा खाचेतून पूर्ण सुटे करता येते का, हेही विचारा; दहा वर्षांनी ते बदलावे लागेल तेव्हा या एका सोयीने बराच त्रास वाचेल. गादीखाली हवा खेळण्यासाठी जाळीची चटई किंवा प्लास्टिकच्या स्प्रिंगा घाला, नाहीतर फळी आणि गादी यांच्यामध्ये ओल साठते.

थंडीचे म्हणाल, तर कापडाच्या भिंतीला उष्णतारोधन असे जवळपास नसतेच. बाहेरून चढवायची जाड टोपी मिळते. तिने थंडी, प्रकाश आणि कापडाची फडफड हे तिन्ही बऱ्यापैकी आवरते, पण ती पावसात बाहेर उभे राहून चढवावी आणि उतरवावी लागते, आणि ओली टोपी पुन्हा गाडीतच ठेवावी लागते. वाऱ्यात गाडी उभी करताना बिजागरीची, म्हणजे ठेंगणी, बाजू वाऱ्याकडे करावी; पुढून उघडणाऱ्या छपरात गाडीची पाठ वाऱ्याला. वादळी रात्री तेही पुरत नाही आणि छप्पर खाली घेऊन सर्वांनी तळमजल्यावर यावे लागते. आखूड व्हॅनच्या तळमजल्यावर चौघे मावत नाहीत, ही तुमच्या बेतातली सर्वांत कच्ची जागा आहे आणि ती छपराच्या कोणत्याही प्रकाराने भरून निघत नाही. मुलगा लहान आहे तोवर पुढच्या दोन सीटवर आडवी ताणायची झोळी त्याला पुरेल. मुलीसाठी त्या रात्री काय करायचे, हे आताच ठरवून ठेवा.

आता टपावरच्या ओझ्याकडे येऊ. छप्पर वर उचलण्याचे आणि तोलून धरण्याचे काम गॅस स्ट्रट, म्हणजे दाबाखालचा वायू भरलेले दांडे, करतात, आणि त्यांची ताकद रिकाम्या छपराच्या वजनावरून ठरवलेली असते. 100 वॉटचे एक कडक चौकटीचे पॅनेल सहा ते आठ किलोंचे असते. दोन पॅनेल, त्यांच्या पट्ट्या, वर सामानाची पेटी आणि पेटीतले सामान, असे ओझे जर उचलल्या जाणाऱ्या टोकाकडे आले तर तरफेच्या नियमाने ते आणखी जड भासते. जास्त ताकदीचे स्ट्रट घालता येतात, पण मग तेच छप्पर खाली ओढायला तेवढाच जास्त जोर लागतो, आणि तो जोर कोणाच्या खांद्यावर येणार आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात थंडीचा भाग वेगळा: स्ट्रटमधल्या वायूचा दाब तापमानाबरोबर उतरतो, त्यामुळे 20 अंशांना नीट तोललेल्या छपराची उचल शून्य अंशांना सुमारे 7 टक्क्यांनी कमी होते. माझे मत स्पष्ट आहे. सामानाची पेटी टपावर लावू नका. पॅनेल हवीच असतील तर वजनाने हलकी, पातळ पॅनेल घ्या, ती शक्यतो बिजागरीच्या बाजूला बसवा आणि हे सगळे कारागिराला छप्पर मागवण्याआधी सांगा, म्हणजे स्ट्रट त्या वजनाप्रमाणे येतील. स्ट्रट वर्षानुवर्षे हळूहळू सैल पडतात आणि बदलावे लागतात, त्यात काळजीचे काही नाही. मात्र बदलताना त्यांच्यावर छापलेला न्यूटनचा, म्हणजे उचलण्याच्या जोराचा, आकडा जुळवून घ्यायला विसरू नका.

लाकूडकाम आधी आणि छप्पर शेवटी, हा क्रम कृपया उलटा करा. पत्रा कापताना धातूचा कीस सर्वत्र उडतो, चौकट बसवायला आतून सगळीकडे हात पोहोचावा लागतो, चिकटद्रव्य पूर्ण मुरायला काही दिवस लागतात आणि वरची कपाटे किती उंच करायची हे तर छप्पर बसल्याशिवाय कळतच नाही. मिटलेल्या अवस्थेत वरची फळी आणि गादी मिळून आतली उंची काही सेंटीमीटरने कमी करतात, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. मागच्या सीटवर बसल्यावर तुमचे डोके तिला लागते का, ते मोजा.

गाडी भरल्यावरचे वजन हा दुसरा हिशेब. छप्पर, चौकट, फळी आणि गादी यांचे मिळून कित्येक डझन किलो होतात. त्यात लाकूडकाम, बॅटरी, पाण्याच्या टाकीतल्या प्रत्येक लीटरमागे एक किलो आणि चार माणसे. गाडी आजच्या स्थितीत वजनकाट्यावर नेऊन मोजा आणि नोंदणीपत्रातल्या कमाल वजनातून ते वजा करा, म्हणजे हाती किती उरते ते कळेल. रचनेतला असा बदल नोंदणी करणाऱ्या कार्यालयाला आणि विमा कंपनीला काम सुरू होण्यापूर्वी कळवणे श्रेयस्कर, कारण पत्रा कापल्यावर नकार आला तर मागे फिरता येत नाही. आणि काम झाल्यावर उंची स्वतः मोजून तो आकडा चालकासमोर चिकटवून ठेवा. झाकलेल्या वाहनतळांवर 2 मीटरच्या आसपास उंचीचे अडसर सर्रास असतात आणि पाच-दहा सेंटीमीटरने आत जाण्या-न जाण्याचा फरक पडतो.

या अडसराखालून जाता येणे हेच खरे तर पॉप-टॉप निवडण्याचे सबळ कारण आहे. रोजच्या कामाला हीच गाडी वापरणार असाल, ती कमी उंचीच्या जागेत उभी करावी लागत असेल, तर कापण्याचा सगळा खटाटोप सार्थकी लागतो. तसे नसेल, तर कायमचे उंच टप किंवा मुळातच उंच टपाची व्हॅन यांचा तुम्ही विचार केलेला दिसत नाही, तो जरूर करा. तिथे भिंतींना उष्णतारोधन करता येते, रात्री कापड फडफडत नाही, सकाळी काही मिटावे लागत नाही आणि तुम्ही गाडीभर ताठ उभे राहता. त्यातही वर एक बिछाना बसतो. गाडी उंच झाल्याने बाजूच्या वाऱ्यात ती अधिक डुलते आणि इंधन थोडे जास्त लागते, हे त्याचे मोल. ज्यांना वर्षातून पाच-सहा रात्रीच जायचे आहे त्यांनी टपावर बांधायचा सुटा तंबू पाहावा. तो काढून ठेवता येतो आणि पत्र्याला कात्री लागत नाही.

तुमच्यापुरते विचाराल, तर गाडी रोजच्या वापराची असेल आणि ओटा चालकामागे येणार असेल, तर पुढून उघडणारे छप्पर घ्यावे, असे मला वाटते. मात्र आधी तसेच छप्पर असलेली व्हॅन भाड्याने घेऊन चौघांनी दोन रात्री काढा. हवा वाईट असेल असेच दिवस निवडा. त्या दोन रात्रींत मुलगी वर झोपायला नाराज दिसली किंवा दोन्ही मुले मध्यरात्री खाली आली, तर उंच टपाकडे वळा आणि त्यात हार मानू नका.

कारागिराकडे अंतिम ठरवायला जाल तेव्हा पत्नीला बरोबर न्या, आणि नमुन्याची गाडी त्यांनी उघडून दाखवली की ती पुन्हा मिटून द्या, असे त्यांना म्हणू नका. ते काम पत्नीला करू द्या, दुखऱ्या खांद्यासह, एकदा नव्हे तर तीनदा. खिट्टी लागल्याचा आवाज आतून नीट ऐकू येतो का, छप्पर पूर्ण लागले नसेल तर चालकाला सूचना मिळते का, हे त्या पाहतील. तुम्ही त्या वेळी बाहेर, डाव्या कोपऱ्यापाशी उभे राहा आणि कापड गॅस्केटखाली येते का ते पाहा.